काळ्या कव्हरातला भंडारा

मोबाइलच्या दुकानात कव्हर मागितलं की समोरचा माणूस आधी मॉडेल विचारतो, मग कुणासाठी ते विचारतो. मॉडेलचं नाव मी कागदावर लिहून नेलं होतं. "वडलांसाठी," असं म्हटल्यावर त्यानं डायरीसारखं मिटणारं तपकिरी कव्हर काढून काउंटरवर ठेवलं.

"वडीलधाऱ्यांना हेच बरं पडतं मॅडम. आत कार्ड बसतं, पेन्शनची पावती बसते."

"ते मेंढ्या राखतात," मी म्हणाले.

त्यानं ते कव्हर उचललं आणि परत जागेवर टांगलं.

सांगलीतल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात मी लिपिक आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे दिवस होते. दिवसभर खिडकीपलीकडे मुलांची रांग आणि खिडकीअलीकडे सारखी बंद पडणारी वेबसाइट. डोळ्यांपुढं अजून उत्पन्नाचे दाखले फिरत होते. मला लवकर घर गाठायचं होतं. दुकानदार मात्र उत्साही होता. त्यानं चमचमणारं दाखवलं, चामड्यासारखं दिसणारं दाखवलं, मागं मोर असलेलंही दाखवलं. शेवटी माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "पडतो का हो फोन?"

"पडतो. दगडावर पडतो. मेंढीच्या पायाखाली जातो. आणि धूळ लय असते."

मग तो खाली वाकला आणि एक काळं, जाड, रबरी कव्हर काढून त्यानं माझ्या हातात दिलं. दोन थरांचं होतं. फोन आत बसवून वर चौकट दाबून लावायची, चार्जिंगच्या भोकालाही झाकण. "हे दुसऱ्या मजल्यावरनं टाका, काही होणार नाही. फक्त दिसायला जरा..."

"दिसायचं काय करायचंय," मी म्हणाले आणि ते घेऊन घरी आले.

हे कव्हर घ्यायची वेळ का आली, ते सांगायला हवं.

आमचं गाव माण तालुक्यात, म्हसवडच्या अलीकडे. दिवाळी झाली की आमचा वाडा हलतो. आम्ही मेंढपाळ लोक ज्याला वाडा म्हणतो, त्याला भिंती नसतात. चार-पाच कुटुंबं, त्यांची मेंढरं, ओझ्याची घोडी, कुत्री, कोंबड्या, असा तो चालता संसार. खानापूर, तासगाव करत हिरवळीकडं उतरायचं आणि पावसाच्या तोंडाला माघारी फिरायचं. वाटेत शेतकरी आपल्या मोकळ्या रानात मेंढरं बसवून घेतात. त्यांना लेंड्यांचं खत मिळतं, आम्हांला धान्य.

मला सहाव्या वर्षी आश्रमशाळेत घातलं. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, कुणाचं न ऐकता घातलं. आई-वडील आज कुठल्या रानात असतील हे मला आठ-आठ महिने माहीत नसायचं. एकदा वाडा शाळेपासून दोन कोसांवर उतरला होता. आई भेटायला आली ती काखेत दोन दिवसांचं कोकरू घेऊन. त्याला मागं ठेवलं असतं तर ते जगलं नसतं. शाळेच्या फाटकाशी बसून तिनं कोकरू माझ्या मांडीवर दिलं, माझी वेणी घातली, कोकरू परत घेतलं आणि गेली. आमच्या वाड्यातली मी पहिली पदवीधर. या दोघांच्या पायांवर शिकले, हे मी कार्यालयातल्या खुर्चीत बसताना विसरत नाही.

आईचे ते पाय दोन वर्षांपूर्वी थकले. गुडघ्यांची झीज झाली, आता चालणं बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी तिला सांगलीला माझ्याकडे आणलं. दोन खोल्या, पहिला मजला. आबा वाड्याबरोबर राहिले.

वाड्यात मोठी मेंढरं राखायची ती पुरुषांनी आणि कोकरं सांभाळायची ती बायकांनी. मेंढरं दिवसभर चरायला गेली की कोकरं बिऱ्हाडाशी राहतात. कुठलं पीत नाही, कुठल्याचं पोट फुगलंय, कुठलीनं पिल्लाला झिडकारलंय, हे बाईनं बघायचं. आईनं हे काम लग्न झाल्यापासून केलं होतं. सांगलीत ती खिडकीत बसायची. पहिल्या वर्षी ती फारशी जेवलीही नाही. विचारलं की म्हणायची, "काम न्हाई तर भूक कुटनं लागंल?"

म्हणून मी आबांना स्मार्टफोन घेऊन दिला. दिवस मावळायच्या आधी मेंढरं माघारी येतात आणि कोकरं त्यांच्या आयांकडे सोडतात. ती वेळ धरून आबा व्हिडिओ कॉल करायचे आणि फोन कोकरांवरून फिरवायचे. माझा फोन हातात धरून आई एकेक बघायची. आमच्या चुलतीकडे तिनं कोकरं सोपवली होती, पण हिशेबनीस अजून तीच होती.

"त्ये भुंड्या शेपटीचं मागं का हाय?"

"आवं, फोन खाली घ्या, मला तुमचं धोतार दिसतंय!"

"अगं, मेंढी शिंकली, हात हालला."

पंधरा मिनिटांत तिला सगळं कळायचं. मग ती दोन भाकरी खायची. त्या कॉलसाठी मला कार्यालयातून धावत यावं लागायचं, जिना चढून धापा टाकत फोन तिच्या हातात द्यावा लागायचा. पण ती जेवायची. त्या फोनवर तिचं जेवण टांगलेलं होतं म्हणा ना.

पहिलं कव्हर फोनच्या खोक्यातच आलं होतं, पातळ आणि पारदर्शक. फोन आबांकडे पाठवायच्या आधी आईनं ते उलटसुलट करून पाहिलं. मग आमच्या गावच्या बिरोबाच्या देवळातल्या भंडाऱ्याच्या, म्हणजे हळदीच्या, पुडीची तिनं चपटी घडी केली आणि फोन नि कव्हर यांच्या मधे सरकवली. आमच्यात नवी कुठलीही वस्तू भंडाऱ्याशिवाय वापरात येत नाही. मेंढरं हलवताना त्यांच्या पाठीवर भंडारा, घोडीच्या कपाळाला भंडारा, मला आश्रमशाळेत घालताना माझ्या पेटीत भंडारा. त्यामुळं मलाही त्यात वावगं काही वाटलं नाही.

आबांना तर ते फार आवडलं. आबा शौकीन आहेत. त्यांच्या बंडीच्या खिशात कायम एक गोल आरसा असतो. रोज सकाळी घोडीच्या खोगिराला तो टेकवून ते लाल पटका बांधतात आणि मनासारखा बसला नाही तर सोडून पुन्हा बांधतात. वाड्यातले लोक त्यांना नवरदेव म्हणून चिडवतात. पारदर्शक कव्हरातून पिवळी पुडी दिसायची, ती ते शेतकऱ्यांनाही दाखवायचे.

पण पुडीच्या जाडीनं कव्हराचा एक कोपरा नीट बसत नव्हता. एका संध्याकाळी आबा कोकरं दाखवत असताना कव्हर त्यांच्या हातात राहिलं आणि फोन दगडावर गेला. आईला आधी मेंढीचं तोंड दिसलं, मग आभाळ, मग काहीच नाही.

एका शनिवारी आबा स्वतः फोन घेऊन सांगलीला आले. काच बदलून घेतली आणि मी ते काळं कव्हर आणलं.

आबांनी ते हातात घेऊन तोललं. "ह्ये काय गं बाय, टॅक्टरचं टायर कापून केलंय व्हय?"

"मजबूत आहे आबा."

"मजबूत हाय. पर बंडीच्या खिशात जाईना की. आन लोकांत काढायचं कसं असलं धूड?"

आईचं म्हणणं वेगळंच होतं. तिनं नवी पुडी करून ठेवली होती. ती बसवायला जागाच नव्हती. कव्हर फोनला असं आवळून बसत होतं की आत कागदही जाईना.

"ह्यात देवाला जागा न्हाई," ती म्हणाली. "दुसरं आण."

मी दमले होते. दिवसभरात कितीतरी जणांना एकच गोष्ट समजावून सांगितली होती, आणि तोच आवाज घेऊन मी घरी आले होते. "आई, फोन पडला तो त्या पुडीमुळंच पडला. कव्हर संरक्षणासाठी असतं. त्यात काही ठेवायचं नसतं. हे मी नियमानं सांगते आहे."

आई आबांना म्हणाली, "ऐकलं का? म्याडम हापिसातनंच बोलतीया अजून."

आबा हसले. मीही हसले. पण पुडी तिनं पदराच्या गाठीला बांधली आणि विषय मिटला, असं मला वाटलं.

पुढचे तीन आठवडे कॉल छान चालले. फोन दोनदा पडला आणि दोन्ही वेळा आबांनी उचलून बोलणं पुढं चालू केलं. मला त्या दुकानदाराला जाऊन सांगावंसं वाटलं. त्याच दिवसांत एक नवं कोकरू आईच्या लक्षात आलं होतं. जुळ्यातलं एक, काळ्या कानाचं. त्याची आई दुसऱ्याला पाजायची आणि याला ढुसणी द्यायची.

"त्याच्या पाठीला तिचंच दूध चोळा," आई फोनवर चुलतीला सांगायची. "वास आला की चाटंल. आन तिला खुट्याला बांध रातभर."

"बांधली हुती, वैनी. दावं तोडलं तिनं."

"मग तुजा दादला काय करतोय? त्याला बांध."

पलीकडे सगळा वाडा हसायचा. चार-पाच दिवसांत ते कोकरू प्यायला लागलं. आई रोज आधी त्यालाच शोधायची.

मग चित्र पिवळट दिसू लागलं. कोकरं, आबांचा पटका, मागची द्राक्षाची बाग, सगळ्यावर पिवळी झाक. आई म्हणाली, "ऊन पिवळं पडलंय तिकडं." मला वाटलं, कॅमेरा बिघडला असेल. पाठोपाठ आबांचा आवाज दबका येऊ लागला. आणि एका बुधवारी कॉल आलाच नाही.

गुरुवारी नाही. शुक्रवारी नाही. मी लावला की फोन बंद. वाड्यात दुसऱ्या कुणाकडे फोन होता तो साधा, बटणांचा, आणि त्याचा नंबर माझ्याकडे नव्हता. तीन दिवस दिवस मावळायच्या आधी मी धावत जिना चढत होते आणि आई माझा फोन हातात धरून बसत होती. शनिवारी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. ज्यांच्या रानात मेंढरं बसवली होती ते शेतकरी होते. "तुमच्या वडलांनी निरोप दिलाय. फोन चार्ज होईना म्हणं. मेंढरं बरी हायत, काळजी करू नका."

मी आईला सांगितलं. "बरी हायत तर दावा म्हणावं की," ती म्हणाली आणि ताट बाजूला सारलं.

रविवारी सकाळी मी माझा फोन आईजवळ ठेवला, शेजारणीला तिच्याकडे बघायला सांगितलं आणि तासगावची एसटी धरली. तिथून पुढं वडाप जीपनं. आठवड्यातला एकच दिवस झोपायला मिळतो, तो असा गेला म्हणून मी मनात चिडलेली होते. कव्हर एवढं चांगलं घेऊन दिलंय, मग चार्जरच कुठंतरी मेंढीनं चावला असणार, असं मी धरून चालले होते.

रान सापडायला वेळ लागला नाही. बेदाण्याच्या शेडजवळ एका रिकाम्या वावरात आमची बिऱ्हाडं होती. शेडमधे जाळ्यांच्या थरांवर द्राक्षं वाळत घातली होती, त्यांचा आंबूस-गोड वास सगळीकडे होता. आबा कोकरांपाशी बसले होते. पटका नेहमीसारखा बांधलेला होता. मला बघून उठले आणि पहिलंच वाक्य म्हणाले, "आईला का आणलं न्हाईस?"

"आबा, फोन दावा आधी."

फोन त्यांनी घोंगडीच्या घडीतून काढला. बाहेरून कव्हराला साधा ओरखडाही नव्हता. मी चौकट उचकटली आणि माझ्या मांडीवर पिवळी भुकटी सांडली. फोनच्या पाठीवर भंडाऱ्याचा थर होता. कॅमेऱ्याच्या भोवती, कडेच्या खाचेत, बोलायच्या बारीक भोकांत, सगळीकडे. चार्जिंगच्या भोकात तर कुणी बोटानं ठासून भरावा तसा गच्च बसला होता.

"हे काय आबा?"

आबा खाली बघत होते. चुलती चुलीपाशी होती, तिनं तिथूनच उत्तर दिलं. "दर ऐतवारी चिमूटभर घालत्यात. वैनीनं सांगितलंय."

"कवा सांगितलं?"

"तू च्या करायला आत गेलीस तवा," आबा म्हणाले. "पुडी बसंना म्हणून ती म्हणली, मोकळाच घाला. तुला सांगू नगा म्हणली."

पातळ कव्हर असतं तर तो भंडारा दुसऱ्या दिवशीच झडून गेला असता. हे कव्हर बाहेरचं काही आत येऊ देत नव्हतं आणि आतलं काही बाहेर जाऊ देत नव्हतं. खिशात, घोंगडीत, चालताना हिसके बसून ती भुकटी फिरत फिरत मिळेल त्या भोकात जाऊन बसली होती. दुकानदारानं सांगितलेला एक शब्दही खोटा नव्हता.

मी फोन पूर्ण बंद केला. केरसुणीची बारीक काडी घेऊन भोकातला भंडारा कण कण उकरून काढायला बसले. आबा समोर उकिडवे बसून बघत होते. पाठीवरचा थर मी पुसायला घेतला तेव्हा त्यांनी हाताचा पंजा खाली धरला. पडेल तो भंडारा त्यांनी ओंजळीत गोळा केला आणि थोडा कपाळाला, थोडा माझ्या कपाळाला लावला.

"आबा, आता यात घालायचा नाही. खिशात ठेवा हवा तर."

"खिशातला मला राखंल. फोनला कोण राखंल?"

मी काडी फिरवत राहिले. थोड्या वेळानं आबाच म्हणाले, "काळ्या कानाचं गेलं."

"कवा?"

"परवा. पोट फुगलं हुतं. आमास्नी दिसलंच न्हाई येळंवर. तिनं बघितलं आसतं तर वळखलं आसतं." आणि मग, "तिला सांगू नगंस."

शेडमधल्या माणसांनी फोन लावायला जागा दिली. भोकात पिन बसली आणि बॅटरीचं चित्र उमटलं, तेव्हा माझी मान आणि पाठ दोन्ही ताठून गेली होती. वाळत घातलेल्या द्राक्षांच्या वासात मी तिथंच पोत्यावर डोकं टेकलं आणि बहुतेक झोपले.

मेंढरं परत आली तशी आबांनी मला उठवलं. कॉल त्यांनीच लावला. आईनं पहिल्या घंटीलाच उचलला. ती कोणतीही चौकशी न करता कोकरं बघू लागली. आबा नेहमीपेक्षा भराभर फोन फिरवत होते.

"हळू. आवं हळू फिरवा. मागं घ्या. भुंड्या शेपटीचं झालं. पांढरं झालं. काळ्या कानाचं कुटं हाय?"

"हाय की तिकडं."

"तिकडं कुटं?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. आयुष्यात त्यांना आईशी खोटं बोलायची सवय झालेली नाही.

"गेलं," ते म्हणाले.

"कवा?"

"परवा."

"पोट फुगलं हुतं?"

"व्हय."

इकडं कोकरांचा गलका चालू होता. मग आईचा आवाज आला, रोजच्यासारखाच. "त्याच्या आईला पिळताय न्हवं? न्हाईतर सड दाटंल तिचं. दुसऱ्याला दोन्हीकडनं पाजा." आणि मग माझ्यासाठी, "तू हायस का तितं? नीघ आता. गाडी चुकंल."

एसटीत मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. घरी गेल्यावर आई काय म्हणेल याची मी तयारी करत होते. तुझं कव्हर, असं ती म्हणेल. किंवा मी तिला म्हणेन, तुझा भंडारा. दोन्ही खरं होतं. पण मी दारात आले तर तिनं भाकरी करून ठेवली होती, गुडघ्यांवर हात देत उभी राहून. आम्ही दोघी जेवलो. भांडी घासताना मीच म्हणाले, "मी तेव्हा लय फाडकन बोलले."

"मी बी चोरून केलं," ती म्हणाली. "उद्या मला दुकान दाव."

दुसऱ्या दिवशी ती जिन्याच्या एकेका पायरीवर बसत खाली उतरली. रिक्षात बसून आम्ही दुकानात गेलो. दुकानदारानं तिला स्टूल दिलं आणि मोराचं कव्हर पुढं केलं. आईनं ते बाजूला ठेवलं. तिनं एकेक कव्हर हातात घेऊन कोपरे अंगठ्यानं दाबले, कडा वाकवून पाहिल्या, आणि प्रत्येकाची भोकं कुठं आहेत ते बोट घालून तपासलं. जनावराचं तोंड उघडून दात बघावेत तसं चाललं होतं. दुकानदार मागच्या वेळी एकामागून एक कव्हरं दाखवत सुटला होता, तो आता पुढं झुकून बघत होता.

"मावशी, इंजिनियर हाय काय तुमी?"

"मेंढरं हायत आमची," आई म्हणाली. "ह्ये खालचं झाकण कशाला?"

"चार्जिंगच्या भोकाला. धूळ जात नाही आत."

"नगं. झाकण आसलं की मानूस आत बघायचंच सोडतंय. उघडं दे. रोज दिसलं पायजे."

शेवटी तिनं एक पारदर्शकच घेतलं. पण त्याचे चारी कोपरे जाड होते, आत हवेचे फुगवटे होते, आणि कडा जराशी वर आलेली होती. फोन पालथा पडला तरी काच जमिनीला लागणार नाही अशी. "हे आहे की तुमच्याकडे," मी दुकानदाराला म्हणाले. "तेव्हा का नाही दाखवलं?"

"तुम्ही म्हणालात ना मॅडम, दिसायचं काय करायचंय म्हणून."

घरी आल्यावर आईनं पदराच्या गाठीतली पुडी सोडली. मी बघत होते, पण तोंड बंद ठेवलं. तिनं वाटीत दोन थेंब तेल घेतलं आणि त्यात भंडारा कालवला. पावसात आपापली मेंढरं ओळखू यावीत म्हणून त्यांच्या पाठीवर रंगाची खूण करतात. तो रंग असाच तेलात घोटतात, मग तो लोकरीवरून जात नाही. तिनं अंगठ्यानं कव्हराच्या आतल्या बाजूला तो पातळ थर ओढला, कॅमेऱ्याच्या जागेपासून लांब, भोकांपासून लांब. तीन दिवस ते खिडकीत वाळत राहिलं. वाळल्यावर तिनं मला म्हटलं, "घास बघू." मी रुमालानं घासलं. रुमाल पांढराच राहिला.

ते कव्हर एका डब्यात घालून मी तासगावच्या एसटीच्या वाहकाकडं दिलं. आबा स्टँडवर येऊन घेऊन गेले.

त्या संध्याकाळी मी नेहमीसारखी धावत जिना चढले. अर्जांची मुदत संपत आली होती, दुपारी जेवायलाही उठता आलं नव्हतं. फोन आईच्या हातात दिला आणि तिथंच भिंतीला टेकून बसले. कॉल आला. चित्र स्वच्छ होतं, ऊन उन्हाच्या रंगाचं होतं.

"बसलं का नीट?" आईनं विचारलं.

"गच बसलंय. खिशात बी जातंय. लय झ्याक दिसतंय, तुजा दीर मागाया लागलाय."

"मला कसं कळणार? दावा की."

आबांच्या लगेच लक्षात आलं नाही की ज्या फोननं दाखवायचं त्याचीच पाठ दाखवायची आहे. त्यांनी फोन उलटा केला, आम्हांला त्यांची हनुवटी दिसली. मागून चुलती काहीतरी ओरडली आणि सगळे हसले. मग पडद्यावर बंडीचा खिसा आला, हात आला, आणि एकदम तो गोल आरसा. आबांनी तो खोगिराला टेकवला आणि फोन त्याच्यासमोर धरला. आरशात लाल पटक्याखाली आबांचा चेहरा होता आणि चेहऱ्याच्या खाली हातात धरलेली पिवळीधमक चौकट. आबा आमच्याकडे नाही, स्वतःकडे बघत होते. त्यांनी पटका जरा सरळ केला.

आईनं ते थोडा वेळ पाहिलं. पदर तोंडावर धरून ती हसली की काय, मला नीट दिसलं नाही.

मग म्हणाली, "बरं, झालं नवरदेव. आता आरसा ठिवा खिशात. कोकरं दावा."